टाटाहून परतलेली लेकरं

दसरा सरला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. त्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई इथल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगावच्या कारखान्यांकडे. संसार गोणीत बांधलेला आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा इथला हिशेब. पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. तोवर गावात म्हातारी-कोतारी आणि त्यांच्याकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुलं.

अशा घरातल्या एखाद्या लेकराला कॅन्सर होतो, तेव्हा उसाचं वेळापत्रक आणि औषधाचं वेळापत्रक एकमेकांवर आदळतात. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा, त्यातही अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार. त्याचा उपचार अडीच ते तीन वर्षं चालतो. पहिले काही महिने शिरेतून केमो आणि पाठीच्या कण्यातून इंजेक्शनं. मग दीड-दोन वर्षं रोजच्या गोळ्या, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, अधूनमधून पुन्हा सलाईन. ऊसतोड्याच्या भाषेत सांगायचं तर दोन-तीन हंगाम. एवढ्या काळात एक कोयता अर्धा होतो, कारण आई लेकराजवळ राहते. उचल मात्र पूर्ण फेडायची असते.

तरीही बीडमधली कुटुंबं हे निभावतात. जमीन गहाण पडते, म्हैस विकली जाते, पाहुण्यांकडून उसने घेतले जातात. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना औषधोपचाराचा मोठा भार उचलते. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, २००६ पासून कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत. लेकरू वाचवायचं म्हटलं तर हात देणारी माणसं भेटतात. हा लेख त्या लढाईबद्दल नाही. लेकरू वाचतं, गावी येतं, आणि त्यानंतर काय होतं, त्याबद्दल हा लेख आहे.

एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती कुणी एक नाही. या आजारातून उठलेल्या मुलांच्या वाट्याला सहसा जे जे येतं, त्यातून मी तिला उभी केली आहे. तिसरीत असताना तिला ताप यायला लागला. गावच्या डॉक्टरने टायफॉइड म्हणून सलाईन लावलं, मग अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. पायांवर निळे-जांभळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा कुणीतरी अंबाजोगाईला न्या म्हणालं. तिथून संभाजीनगर, आणि शेवटी ‘टाटाला’, म्हणजे मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. ती सहावीच्या वयाची होऊन गावी परतते. स्टेरॉइडने आलेला गोल चेहरा ओसरलाय, केस पुन्हा उगवलेत, आधीपेक्षा थोडे कुरळे. गळ्याच्या खाली, छातीवर केमो देण्यासाठी पोर्ट बसवल्याची बोटभर खूण. सोबत जाडजूड फाइल. फाइलमध्ये सगळं लिहिलंय, पण इंग्रजीत.

उपचार चालू असताना ती अधूनमधून गावी येत होती, तेव्हाच गावाने आपला निकाल करून टाकलेला असतो. डॉक्टरांनी आईला बजावलेलं असतं की पाणी उकळून द्या, कच्चं खायला देऊ नका, ताट-वाटी वेगळी ठेवा, गर्दीत नेऊ नका, मास्क लावा. आई इमानेइतबारे सगळं पाळते. शेजारच्या बाया ते बघतात आणि अर्थ लावतात: भांडी वेगळी, म्हणजे लागट दुखणं. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही. केमो चालू असलेल्या मुलाच्या अंगातली प्रतिकारशक्ती जवळजवळ संपलेली असते, आणि शेजारच्या पोराच्या साध्या कांजिण्या किंवा गोवर त्याच्या जिवावर बेतू शकतात. म्हणजे जपायचं होतं ते या मुलीला गावापासून, आणि गाव स्वतःला तिच्यापासून जपत बसलं. हे समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात. पण ती दहा मिनिटं द्यायची कुणी, हे कुठल्याच शासकीय कागदावर लिहिलेलं नाही.

बीडमध्ये तर कॅन्सर या शब्दाची दहशत वेगळ्याच मार्गाने घरोघरी पोचलेली आहे. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं प्रकरण उघडकीला आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पोटात दुखतंय, पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी बायकांना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. ज्या गावात आईला, मावशीला, चुलतीला या एका शब्दावर टेबलावर घेतलं गेलं, त्या गावात खरोखरच कॅन्सर होऊन गेलेली दहा-अकरा वर्षांची पोर परत येते. तिच्याकडे बघणाऱ्या डोळ्यांत काय असेल याची कल्पना त्यावरून करावी.

आता शाळा. वाचलेल्या मुलाच्या आयुष्यात घराखालोखाल मोठी गोष्ट शाळाच, आणि माझ्या मते याच ठिकाणी सगळ्यात जास्त नुकसान होतं, तेही कुणाच्या मनात वाईट नसताना.

आधी पट. मूल दोन-अडीच वर्षं आलेलं नसतं. स्थलांतरित मुलांची सवय असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला गैरहजेरी नवी नसते, पण इतकी लांबली की नाव मागे पडतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात सोय आहे: शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे आपली मुलगी कायद्याने सहावीत बसते. प्रत्यक्षात यातला पहिला भाग लगेच होतो, कारण त्याला एक सही पुरते. दुसऱ्या भागासाठी माणूस लागतो. चौथी-पाचवी न शिकलेली मुलगी सहावीच्या अपूर्णांकांसमोर बसते, किंवा ‘राहू द्या, तिला झेपणार नाही’ म्हणून तिला लहानग्यांच्या वर्गात मागच्या भिंतीशी बसवलं जातं, डोकंभर उंच.

मग अक्षर. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ल्युकेमियाच्या उपचारात व्हिंक्रिस्टीन नावाचं औषध हटकून असतं. ते सदाफुलीपासून मिळतं. आपल्या दारात, कुंपणाला फुलते तीच ती गुलाबी-पांढरी सदाफुली, मूळची मादागास्करची. (म्हणून कुणी तिची पानं वाटून लेकराला पाजू नयेत. औषध आणि विष यांच्यात इथे मात्रेचाच फरक आहे.) हे औषध कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबवतं, पण हातापायांच्या नसांवरही परिणाम करतं. चालताना पाऊल घासटतं, जिना चढताना गुडघा लुळा पडतो, बोटांत पेन्सिल धरायचा जोर राहत नाही. आधी टपोरं अक्षर काढणाऱ्या मुलीचं अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखं होतं. बऱ्याच मुलांत हे पुढे सावकाश सुधारतं. तोवर वही बघणाऱ्या बाईंना दिसतो तो फक्त आळस. ‘आधी किती छान लिहायचीस!’ या वाक्याने मुलीची मान खाली जाते, आणि बाईंनी ते मायेनेच म्हटलेलं असतं.

मेंदूपर्यंत रोग पोचू नये म्हणून पाठीतून दिलेल्या औषधांचा, आणि काही मुलांत डोक्यावर दिलेल्या रेडिएशनचा, परिणाम आणखी उशिरा कळतो. मूल मतिमंद होत नाही. ते हुशार असतं तर हुशारच राहतं, पण पाढा आठवायला त्याला वेळ लागतो, फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत फळा पुसला जातो, लक्ष उडतं. जितक्या लहान वयात रेडिएशन झालं असेल तितका हा परिणाम जास्त. मेंदूच्या गाठीवर उपचार घेतलेल्या मुलांना तर तो फार सोसावा लागतो. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या एका प्रचंड अभ्यासात लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या हजारो माणसांची त्यांच्याच भावंडांशी तुलना केली आहे. बहुतेक जण मनाने भावंडांइतकेच ठणठणीत निघाले. मागे पडलेले दिसले ते मुख्यतः मेंदूच्या गाठीतून वाचलेले आणि डोक्याला रेडिएशन घेतलेले. शाळेत जादा मदत लागणं, लग्न न होणं, नोकरी न मिळणं त्यांच्यात जास्त. यातून शिक्षकाने घ्यायचं ते इतकंच की अशा मुलाला पेपर सोडवायला वेळ जास्त द्या, पहिल्या बाकावर बसवा, आणि तोंडी विचारल्यावर ते किती जाणतं ते बघा.

आणि खेळाचा तास. ‘तू बस, तुला काही झालं तर?’ हे ऐकून व्हरांड्यात बसलेलं मूल मला सगळ्यात जास्त छळतं. उपचार पूर्ण झालेल्या बहुसंख्य मुलांनी खेळायलाच हवं असतं. हाडं, स्नायू, वजन, मन सगळ्यांसाठी. मॉस्कोमध्ये २०१० पासून कॅन्सरमधून वाचलेल्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा होत आल्या, धावणं, पोहणं, बुद्धिबळ, नेमबाजी, फुटबॉल. टाटा रुग्णालयात बरी झालेली मुलंही तिथे जाऊन पदकं घेऊन आली आहेत. त्याच रुग्णालयातून बरं होऊन आलेल्या मुलाला आपल्या गावात लंगडी खेळायला घेत नाहीत.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण वाचलेल्या मुलांचा प्रश्न पडतो तो मुलं वाचायला लागल्यावरच. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४८ साली दाखवलं की औषधाने मुलांचा रक्ताचा कॅन्सर काही काळ मागे हटवता येतो. त्या औषधामागे आपल्या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं काम होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९६२ मध्ये मेम्फिसला उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र वापरून निम्मी मुलं कायमची बरी करून दाखवली. भारतात ते वळण १९८४ च्या सुमारास आलं. टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेतल्या इयन मॅग्रॅथ यांच्यासोबत एकच ठरलेली उपचारपद्धती वापरायला घेतली. टाटामधून डॉ. सुरेश अडवाणी त्यात होते, लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून काम करणारे. त्याआधी पाचातलं जेमतेम एक मूल वाचायचं, त्यानंतर निम्म्याच्या आसपास वाचू लागली. आज श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. २०३० पर्यंत जगभर किमान साठ टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवलं.

टाटामध्ये बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली ती १९९१ साली. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी ती उभी केली. उपचार संपून दोन वर्षं रोगाचा मागमूस न राहिलेली मुलं तिथे येतात. आता शोध असतो तो औषधांनी मागे काय ठेवलंय याचा. हृदय, थायरॉइड, उंची, पाळी, कान, दात, आणि त्याबरोबर शाळा कशी चाललीय, मित्र आहेत का, घरी काय बोलतात, हेही विचारलं जातं. २००९ मध्ये या ओपीडीतून मोठ्या झालेल्या तरुणांनी इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छायेत ‘उगम’ नावाचा गट काढला. केमो चालू असलेल्या मुलाच्या खाटेशी बसून ‘मलाही हेच झालं होतं’ असं सांगणारा पंचविशीतला तरुण जे करू शकतो, ते कुठलाही समुपदेशक करू शकत नाही. आईवडिलांना तर त्याचा आधार मुलापेक्षाही जास्त वाटतो. पालकांच्या मनावरचा आघात अनेकदा मुलाच्या आघातापेक्षा खोल आणि जास्त दिवस टिकणारा असतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

हे सगळं परळमध्ये आहे. बीड परळपासून चारशे किलोमीटरच्या घरात. बीड शहराला रेल्वे मिळाली तीच मुळी २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आणि तीही अहिल्यानगरपर्यंत. परळी वैजनाथला गाडी पूर्वीपासून आहे, पण आष्टी-पाटोद्याच्या माणसाला ती उलट्या दिशेला. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत देते. उपचार चालू असताना हा प्रवास माणसं कसाही करतात, कारण जिवाची भीती मागे असते. बरं झाल्यावर वर्षातून एकदा ‘नुसतं दाखवायला’ जायचं म्हणजे दोन रात्री, दोघांचं जेवणखाण, आणि हंगाम चालू असेल तर फडातले खाडे. खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. पहिल्या वर्षी जातात, दुसऱ्या वर्षी जातात, मग ‘आता काय होतंय तिला, चांगली तर हाय’ म्हणून फाइल पत्र्याच्या पेटीत तळाशी जाते.

बीडच्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये टाटाच्याच मदतीने सुरू झाली. गावोगाव हिंडून, लोकांशी बोलून, कॅन्सर झालेल्या माणसांची नोंद ठेवण्याचं काम आडगावात करता येतं, हे बार्शीने दाखवलं. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी म्हणूनच काढलेलं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. हृदयाचा इको, थायरॉइडची तपासणी, उंची-वजनाचा आलेख, यातलं काहीही करायला परळ गाठावं लागू नये. वर्षातून एक दिवस, तोही पाडव्यानंतर टोळ्या परतल्यावर, अंबाजोगाईत या मुलांसाठी ठेवला आणि त्याचा कागद टाटाकडे गेला, तर कितीतरी पेट्यांच्या तळाच्या फायली वर येतील. तो दिवस डिसेंबरात ठेवला तर मात्र कुणी येणार नाही. बीडसाठी काहीही आखताना आधी साखर कारखान्याचं धुराडं कधी पेटतं ते बघावं लागतं.

‘श्वास’ आपण सगळ्यांनी पाहिलाय. २००४ चा संदीप सावंतांचा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. कोकणातला परशुराम, त्याच्या डोळ्यांत झालेला रेटिनोब्लास्टोमा, दृष्टी जाणार हे त्याला कसं सांगायचं या विवंचनेतले आजोबा. तो मुलगा शस्त्रक्रियेनंतर गावाकडे परततो आणि आपण डोळे पुसत थिएटरबाहेर येतो. परशुराम पुढे शाळेत गेला असेल का? गेला असेल तर त्याला कुणी काय म्हणून हाक मारली असेल? आपल्या गावांत माणसाच्या व्यंगावरून त्याचं नाव पाडायची जुनी खोड आहे, आणि ते नाव मरेपर्यंत चिकटतं.

रेटिनोब्लास्टोमा पुष्कळ मुलांत एकाच डोळ्याला होतो. डोळा काढून कृत्रिम डोळा बसवला की मूल वाचतं. हा डोळा रोज स्वच्छ करावा लागतो आणि मूल वाढतं तसा बदलावा लागतो. तो बदलला नाही की खोबण आक्रसते आणि चेहऱ्याची एक बाजू मागे राहते. या मुलाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागायला गेलं तर दुसरा डोळा चांगला असल्याने अपंगत्व भरतं तीस टक्के. सवलतीसाठी चाळीस लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत, कॅन्सरमधून वाचलेलं मूल त्यात नाही. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय गेला तर तो पाय मोजला जातो. दमणारं हृदय, मंदावलेली आठवण, एकच उरलेलं मूत्रपिंड, यांचं मोजमाप होत नाही. सरकारदरबारी हे मूल रुग्ण नाही आणि दिव्यांगही नाही. कागदावर ते अगदी इतर मुलांसारखं आहे, आणि वर्गात ते एकटं आहे.

घरात त्याच्या उलट. आईबापांनी त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलेलं असतं, त्याला रागवायला जीभ वळत नाही. मागेल ते मिळतं, काम सांगत नाहीत, अभ्यासाला बस म्हणत नाहीत. भावंडं हे बघत असतात. टाटाच्या तीन वर्षांत त्यांचंही बालपण गेलेलं असतं. थोरली आजीजवळ राहून भाकऱ्या थापत होती, मधल्याने आईच्या जागी बापाबरोबर कोयता धरला. त्यांची शाळा सुटली ती कुणाच्या आजाराच्या हिशेबात लागली नाही. भावंडाविषयी माया आणि मनात दाबून ठेवलेला राग, दोन्ही एका घरात नांदतात. यावर कुणी बोललं तर ते पोर दुष्ट ठरतं. दवाखान्यातल्या समुपदेशकाने एकदा तरी या भावंडांना समोर बसवून ‘तुझं काय गेलं?’ असं विचारायला हवं.

मुलगा असो की मुलगी, ऊसतोड्याच्या घरात एक प्रश्न चौदा-पंधराव्या वर्षी येतोच: हे पोर कोयता धरणार का? केमोतली डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही औषधं काही जणांच्या हृदयाचे स्नायू दुबळे करतात, आणि ते कधीकधी दहा-वीस वर्षांनी कळतं. फडातलं काम म्हणजे पहाटेच्या थंडीत तोडायला लागणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं, दिवसाला किती खेपा याला गणती नाही. ज्याच्या हृदयाने ती औषधं पचवली आहेत, त्याला हृदय तपासल्याशिवाय या कामाला जुंपणं धोक्याचं. गुडघ्यातल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवलेल्या मुलाला तर फडात उभंही राहता येणार नाही. म्हणून मी म्हणतो की या मुलासाठी शाळा हा उपचाराचाच पुढचा टप्पा आहे. इतर मुलाची शाळा सुटली तर त्याला वाईट का होईना पण एक वाट उरते, ऊसतोडीची. याची शाळा सुटली तर तीही नाही. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आहे, गावोगाव हंगामी वसतिगृहं चालतात, शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ अशाच घरांतल्या मुलांना शिकवतं. या ठिकाणी कॅन्सरमधून उठलेल्या मुलाला आधी जागा मिळावी, आणि अधीक्षकाला त्याच्या आजाराची माहिती मराठीत लेखी मिळावी. अट एकच, त्याची खाट वेगळ्या कोपऱ्यात टाकू नये.

मुख्याध्यापकांसाठी एक पानी मराठी पत्र, रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी, हे काम आजच होऊ शकतं. त्यात असावं की हे मूल बरं झालं आहे, याच्यापासून कुणाला काही लागण होत नाही, याला खेळू द्या, लिहायला वेळ द्या, वर्गात कुणाला गोवर-कांजिण्या आल्या तर घरी कळवा. परदेशात परिचारिका शाळेत जाऊन वर्गातल्या मुलांशी बोलतात, त्यांच्या शंका ऐकतात. आपल्याकडे आशाताई आहेत. गावातल्या प्रत्येक घरात त्यांना चहा मिळतो आणि त्यांचा शब्द ऐकला जातो. मुलगी परत यायच्या आदल्या आठवड्यात आशाताईंनी शाळेत अर्धा तास दिला, तर पुढचं वर्षभराचं ‘टकली, टकली’ वाचेल. अर्थात आशांवर आधीच किती कामं लादली आहेत हे मला कळतं. हे काम लावायचं तर त्याचा मोबदलाही लावावा.

आता मुलीचं वेगळं सांगायला हवं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या नोंदवहीत मुलांच्या मानाने मुली कमी दिसतात, आणि त्याचं कारण फक्त शरीरात नाही. म्हणजे जी मुलगी टाटापर्यंत पोचली, तीन वर्षं टिकली आणि बरी होऊन आली, तिच्या आईबापांनी प्रवाहाविरुद्ध पोहून तिला वाचवलेलं आहे. त्यांच्याबद्दल मनात आदरच येतो. पण याच जिल्ह्यात मुलींची लग्नं लवकर होतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या विशीतल्या तरुण बायकांपैकी दर दहांत चारांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एकटी मुलगी मागे ठेवून फडावर जायची भीती, हे त्यातलं एक मोठं कारण. कॅन्सरमधून उठलेली मुलगी तर आईबापांना जास्तच काळजीची वाटते, आणि ‘कुणाला कळायच्या आत’ उरकून टाकायची घाई होते.

कळायच्या आत. पाहुण्यांना सांगत नाहीत, छातीवरच्या पोर्टच्या खुणेला ‘लहानपणी गळू झालं होतं’ म्हणतात, फाइल माहेरीच राहते. काही घरांत तर मुलीलाही नीट सांगितलेलं नसतं. अशी एखादी चार वर्षांची असताना आजारी पडलेली असते, तिला फक्त मुंबई, सुया आणि आईचं रडणं आठवतं. फ्रान्समध्ये २०१६ पासून कायदा आहे की कॅन्सर बरा होऊन ठरावीक वर्षं उलटली की कर्जासाठीचा विमा घेताना माणसाने तो सांगायची गरज नाही. २०२२ मध्ये ती मुदत उपचार संपल्यापासून पाच वर्षांवर आणली. जुन्या आजाराचा शिक्का माणसाच्या कपाळावर जन्मभर राहू नये, हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो, आणि सोयरिकीच्या बैठकीत आईबाप गप्प बसतात तेही मी समजू शकतो. मुलीला होकार मिळावा म्हणून ते गप्प बसतात. त्यांना दोष देण्याआधी ज्या समाजात खरं सांगितलं तर स्थळ मोडतं, त्या समाजाने उत्तर द्यावं. बहुतेक मुलींना मूल होऊ शकतं आणि त्या मुलाला आईचा कॅन्सर बहुतेक वेळा लागत नाही. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमासारखे काही आनुवंशिक प्रकार सोडले, तर भीती बाळगायचं कारण नसतं. हे सोयऱ्यांना डॉक्टरच्या तोंडून ऐकायला मिळालं तर काही बैठका मोडणार नाहीत.

पण जगापासून लपवणं वेगळं आणि तिच्यापासून लपवणं वेगळं. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं घेतलेल्या बाईला दिवस गेले की तिच्या हृदयावर जास्त ताण येतो, म्हणून गरोदरपणात आणि बाळंतपणाआधी इको करून घ्यावा असं डॉक्टर सांगतात. आपली मुलगी एकोणिसाव्या वर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव घालायला जाते. नर्सबाई विचारतात, आधी काही मोठं दुखणं? ती सासूकडे बघते आणि नाही म्हणते. आठव्या महिन्यात दम लागतो, पाय सुजतात, तेव्हा ते रक्त कमी असल्याचं समजून लोहाच्या गोळ्या वाढवल्या जातात. कुठलं औषध, एकूण किती मात्रेत, कुठल्या वर्षी दिलं, हे तिच्या पेटीतल्या फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलेलं होतं. उपचार संपवून घरी पाठवतानाच ते एका मराठी कार्डावर उतरवून मुलीच्याच हातात द्यावं, आणि ती बारा-तेरा वर्षांची झाली की पुढच्या फेरीत डॉक्टरांनी आईवडिलांना बाहेर बसवून तिला ते कार्ड वाचून दाखवावं. तिला काय झालं होतं, ती कशाने बरी झाली, पुढे कधी कुणाला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही हे तिने स्वतः ठरवावं. गरोदरपणाच्या नोंदीच्या कार्डावर पूर्वीच्या आजाराची जागा असते. तिथे लिहिण्यापुरतं तिला माहीत असायला हवं.